रविवारचा गड आणि सोमवारची सकाळ

पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या आणि चाकणच्या एका कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळणाऱ्या ४७ वर्षांच्या वाचकाचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील बदलून त्याचा सारांश देत आहे. गेले वर्षभर त्यांना पहाटे तीन-साडेतीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. कामात अजून चूक झालेली नाही, पण कशातच रस राहिलेला नाही. घरी किरकोळ कारणावरून आवाज चढतो आणि मागाहून स्वतःचीच लाज वाटते. त्यांचे वडील चौदा महिन्यांपूर्वी गेले. पुढे दोन-तीन महिन्यांनी एका शाळूसोबत्याच्या आग्रहावरून ते दर रविवारी सिंहगड चढू लागले, आणि आठवड्यातले तेवढे चार तास आपण पूर्वीसारखे असतो, असे त्यांचे म्हणणे आहे. सोमवारी सकाळी मात्र सगळे होते तसेच. पत्नीने मानसोपचारतज्ज्ञांची वेळ दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा त्यांनी ती रद्द केली. ती म्हणते, "तू गडावरून हलका होऊन येतोस आणि घरात पाऊल टाकलंस की पुन्हा दगड होतोस. ही पळवाट आहे." मित्र म्हणतो, "डॉक्टर काय घेऊन बसलायस? आणखी दोन गड वाढव, आपोआप ठीक होशील." पंधरा वर्षांच्या मुलाशी बोलणे जवळजवळ थांबले आहे. वाचकाचा प्रश्न असा : "यांत खरे कोण? गडावर जाणे वाढवू, की डॉक्टरांकडे जाऊ? आणि डॉक्टरांकडे गेलो, तर आपल्याला एवढेही सहन झाले नाही, असा त्याचा अर्थ होणार नाही का?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले एक वाक्य तुम्ही कंसात टाकले आहे. झोपेविषयी लिहिता लिहिता "(कधीकधी वाटते, आज उजाडलेच नाही तर बरे)" एवढे लिहून तुम्ही पुढे सरकला आहात आणि लगेच सिंहगडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीहून वर जाणाऱ्या वाटेचे वर्णन सुरू केले आहे. मला मात्र त्या कंसापाशी थांबावे लागले, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. हा विचार न उजाडण्यापुरताच राहतो, की त्याच्याही पुढे जाऊन स्वतःला संपवण्यापर्यंत पोहोचतो, हे तुम्ही स्वतःला स्पष्ट शब्दांत विचारा. एकदा जरी तो तिथवर गेला असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवून आधी पत्नीला सांगा आणि १४४१६ या क्रमांकावर फोन करा. 'टेली-मानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. पहाटे साडेतीनला, जेव्हा घरात कोणाला उठवणे तुम्हाला प्रशस्त वाटत नसेल, तेव्हाही तो क्रमांक लागतो.

हे वाचून तुम्ही दचकला असाल, तर तेही एका अर्थी ठीकच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली आणि त्यांत सुमारे ७२ टक्के पुरुष होते. या पुरुषांपैकी कित्येकांच्या घरी, शेजारी आणि कचेरीत "त्यांनी कधी काही बोलून दाखवले नाही" असे नंतर म्हटले गेले असेल, याची कल्पना करायला फारसे कष्ट पडत नाहीत. तुम्ही तर बोलून दाखवले आहे. कंसात का होईना. 'सहन करणे' या शब्दावर तुमचा फार भर दिसतो, आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे.

आधी गडाविषयी. तुमच्या पत्नीच्या म्हणण्यातल्या एका भागाशी मी सहमत नाही : तुम्हाला वर जाऊन वाटणारा हलकेपणा हा भास नाही. पहाटे घराबाहेर पडल्यावर उजेड थेट डोळ्यांवर येतो आणि शरीराच्या आतले घड्याळ त्यावर लागते. रात्रीची झोप सुधारण्याचा हा अगदी साधा आणि फुकटचा मार्ग आहे. चढण चढताना दम लागतो, घाम येतो, स्नायू थकतात, आणि सौम्य किंवा मध्यम स्वरूपाच्या नैराश्यात नियमित व्यायामाने लक्षणे कमी होतात, ही गोष्ट आता वैद्यकशास्त्रात मान्य झालेली आहे. याखेरीज एक तिसरी गोष्ट घडते आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. पहाटे तीन वाजता तुमच्या डोक्यात जे चालते त्याला आपल्याकडे 'रवंथ' हा नेमका शब्द आहे : तोच घास वर येतो, चघळला जातो आणि पुन्हा आत जातो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये ३८ जणांवर एक प्रयोग केला होता. त्यांतल्या काहींना दीड तास झाडे असलेल्या गवताळ टेकाडांवरून चालवले आणि काहींना तितकाच वेळ रहदारीच्या मोठ्या रस्त्याच्या कडेने. टेकाडांवरून चालून आलेल्यांच्या डोक्यातले हे रवंथ कमी झालेले आढळले आणि मेंदूच्या ज्या भागाशी त्याचा संबंध लावला जातो तिथली हालचालही मंदावलेली दिसली. रस्त्याच्या कडेने चाललेल्यांत तसा फरक पडला नाही. ३८ ही संख्या लहान आहे आणि एका प्रयोगावरून फार मोठे अनुमान काढू नये, हे खरे. तरीही आतकरवाडीहून चढताना पायाखालचा दगड हलतो की नाही, याकडे लक्ष द्यावेच लागते आणि तेवढा वेळ चाकणचा कारखाना डोक्यातून उतरतो, हा तुमचा अनुभव त्याच्याशी जुळतो.

मात्र तुम्हाला हलके करते ते नेमके काय, याचे उत्तर तुम्ही 'डोंगर' असे दिले आहे, आणि इथे मला थोडी शंका आहे. नुसत्या मोकळ्या हवेत हा गुण असता, तर दिवसभर उन्हात आणि झाडापेरात राबणारा शेतकरी महाराष्ट्रातला सर्वांत सुखी माणूस ठरला असता. तसे नाही, हे आपण सगळेच जाणतो, आणि सोयाबीनच्या भावाची काळजी करत बांधावर उभ्या असलेल्या माणसाला "जरा निसर्गात जात जा" असे सांगणे हा क्रूर विनोद ठरेल. त्याचा निसर्ग हीच त्याची कचेरी आहे आणि तिथेच त्याचे कर्जही आहे. तुम्हाला गडावर जे मिळते ते त्याला कदाचित भजनी मंडळात मिळेल, पहाटेच्या तालमीत मिळेल, किंवा आषाढात आळंदीहून पंढरपूरकडे चालताना मिळेल, जिथे शेजारून चालणारा अनोळखी माणूस त्याला नाव, गाव, हुद्दा काहीही न विचारता 'माउली' म्हणतो. तेव्हा माझा कयास असा आहे, की तुमच्या रविवारी तीन-चार गोष्टी एकत्र येतात. कोणी तुमच्याकडून काही मागत नाही. तुमचा हुद्दा पायथ्याशी राहतो. हाती घेतलेले काम तासाभरात निखालस पूर्ण होते, जे कारखान्यात महिनोन्‌महिने होत नाही. आणि शेजारी एक माणूस चालत असतो.

यातल्या शेवटच्या गोष्टीबद्दल थोडे अधिक लिहिते. आपल्याकडचे बहुतेक पुरुष समोरासमोर बसून मनातले बोलू शकत नाहीत. टेबलाच्या पलीकडे कोणी डोळ्यांत डोळे घालून "काय होतंय?" असे विचारले, की चौकशी समिती बसल्यासारखे त्यांना वाटते, पण तोच माणूस बाजूने चालत असेल, दोघांचीही नजर वाटेकडे असेल आणि मध्येच गप्प राहण्याची मुभा असेल, तर वाक्ये आपोआप सुटतात. ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात प्रौढ आणि निवृत्त पुरुषांसाठी सामूहिक कार्यशाळांची एक चळवळ सुरू झाली. तिथे लोक एकत्र येऊन सुतारकाम करतात, सायकली दुरुस्त करतात आणि ते करता करता बोलतात. पुरुष समोरासमोर नाही, तर खांद्याला खांदा लावून बोलतात, हेच त्या चळवळीचे सूत्र आहे. पाराची, कट्ट्याची आणि तालमीची सवय असलेल्या आपल्या समाजाला हे सूत्र परके वाटायचे कारण नाही. फक्त पार राहिले नाहीत आणि कट्ट्यावर बसायला चाळिशीनंतर कोणाला वेळ नाही.

आता तुमच्या रविवारात मला खटकलेल्या दोन गोष्टी सांगते. तुम्ही लिहिता, की सुरुवातीला तुम्हाला आतकरवाडी ते पुणे दरवाजा ७२ मिनिटे लागत, आता ५१ लागतात, आणि ज्या रविवारी वेळ वाढतो त्या दिवशी "मूड जातो". उत्पादन विभागाच्या प्रमुखाने गडालाही उद्दिष्ट ठरवून दिले, हे वाचून मला हसू आले आणि वाईटही वाटले, कारण जिथे कोणी मोजत नव्हते त्या एकमेव जागी तुम्ही स्वतःच घड्याळ घेऊन उभे राहिलात. महिन्यातून निदान दोन रविवारी घड्याळ आणि वेळ मोजणारे अॅप घरी ठेवून जा. गटातला जो सर्वांत सावकाश चालतो त्याच्या सोबतीने चढा आणि वर गेल्यावर काढलेले फोटो कोणत्याही गटावर टाकू नका.

दुसरी गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे : उतरल्यावर गटातले काही जण दुपारी 'श्रमपरिहारासाठी' बसतात आणि तुम्हीही बसता, मग संध्याकाळही त्यातच जाते. या शब्दाचा मराठीत झालेला हा अर्थविस्तार सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे त्यावर प्रवचन देत नाही. परंतु दारू पहिली झोप लवकर आणते आणि उत्तररात्रीची झोप मोडते. शिवाय दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली खेचते. सोमवारची पहाट आठवड्यात सर्वांत वाईट असते, असे तुम्हीच नोंदवले आहे. गडाचा परिणाम सोमवारपर्यंत का टिकत नाही, याचे निदान अर्धे उत्तर मला या बैठकीत दिसते. सहा रविवार ती टाळून पाहा. ते अवघड गेले, तर तीही माहिती डॉक्टरांना सांगण्याजोगी आहे.

हे झाले वरवरचे. तुमच्या तीन पानी पत्रात वडिलांच्या मृत्यूला एक ओळ मिळाली आहे आणि कारखान्यातल्या नव्या वरिष्ठांना सव्वा पान. परंतु गडाच्या वर्णनात तुम्ही हेही लिहून गेला आहात, की आठ वर्षांचे असताना वडिलांनीच तुम्हाला पहिल्यांदा सिंहगडावर नेले होते, आणि मडक्यातले दही तुम्हाला एकट्याला घेऊन देऊन ते स्वतः पाणी पिऊन बसले होते. आज तुम्ही वर गेल्यावर ते दही घेत नाही, "का कोण जाणे" घ्यावेसे वाटत नाही. मला वाटते, का ते तुम्हाला ठाऊक आहे. बाराव्या-तेराव्यानंतर तुम्ही कामावर रुजू झालात, आईचे पेन्शनचे कागद केलेत, घराच्या नोंदींवरची नावे बदललीत आणि या सगळ्यात रडायचे राहून गेले. गडावर तुम्ही पळून जात आहात, असे तुमच्या पत्नीला वाटते. मला वाटते, तुम्ही तिथे वडिलांना भेटायला जात आहात आणि हे कोणालाच, अगदी स्वतःलाही, सांगितलेले नाही. दुःखाला जागा मिळणे चांगलेच आहे. पण ती एकच जागा असेल आणि तिथे पोहोचायला दर वेळी तीस किलोमीटर जावे लागत असेल, तर उरलेले सहा दिवस ते दुःख दुसऱ्याच रूपाने बाहेर येते, आणि पुरुषांच्या बाबतीत ते रूप बहुधा चिडचिडीचे असते. नैराश्य म्हणजे कोपऱ्यात बसून रडणे, अशी आपली समजूत असल्यामुळे ताटातल्या मिठावरून ओरडणाऱ्या किंवा सतत कामात बुडालेल्या माणसाला नैराश्य आले असेल, हे ना घरच्यांना सुचते, ना त्याला स्वतःला.

म्हणून डॉक्टरांकडे जायलाच हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, कशातच रस न वाटणे, चिडचिड आणि तो कंसातला विचार, हे सगळे वर्षभर टिकले आहे. यावर दूरवरून निदान करणे मला शक्य नाही आणि योग्यही नाही, परंतु तपासणी पुढे ढकलण्याची मुदत संपली आहे, एवढे नक्की सांगते. सुरुवात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांपासून केलीत तरी चालेल. थायरॉइड, साखर, रक्तदाब आणि ब-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या, कारण यांतल्या बिघाडानेही माणूस असाच मरगळतो, आणि शाकाहारी घरांत ब-१२ कमी असणे फार सर्रास आढळते. त्यानंतर मात्र मानसोपचारतज्ज्ञांकडे जाच.

गोळ्यांविषयी तुम्ही "एकदा लागल्या की सुटत नाहीत" असे लिहिले आहे. ही भीती झोपेच्या काही गोळ्यांच्या बाबतीत रास्त आहे, म्हणूनच त्या मनाने दुकानातून आणून घेऊ नयेत. नैराश्यावरची नेहमीची औषधे वेगळी असतात. त्यांचे व्यसन लागत नाही, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि ती बंद करताना एकदम न सोडता डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करावी लागतात. शिवाय तुम्हाला औषध लागेलच असे नाही. काहींना समुपदेशन पुरते. कारखान्यात कळेल, ही काळजी असेल तर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे, हे लक्षात ठेवा.

आणि गड की डॉक्टर, असा प्रश्न मुळात उभाच का राहिला? तुमच्या मित्राने तो तसा मांडला, पत्नीने तो तसाच स्वीकारला आणि तुम्ही मध्ये अडकलात. मानसोपचारात एक पद्धत आहे, तिच्यात मन लागण्याची वाट न पाहता आधी ठरलेली कृती करायला लावतात आणि मन मागून येते, असे मानतात. रुग्णाने आठवड्यात काय काय करायचे याचे वेळापत्रकच डॉक्टर किंवा समुपदेशक त्याच्याबरोबर बसून आखतात, आणि त्यात चालणे, बागकाम, मित्रांना भेटणे हे हमखास असते. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत २०२१ मध्ये सात विभागांत असा उपक्रमही सुरू झाला, की मनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या माणसाला नेहमीच्या उपचारांच्या जोडीला चालण्याच्या गटाकडे किंवा सामूहिक बागेकडे पाठवायचे. तुमचा रविवार तुम्ही डॉक्टरांपासून लपवायचा नाही. उलट पहिल्याच भेटीत तो सांगायचा. ज्याला आठवड्यातले चार तास का होईना बरे वाटते, त्याच्या उपचाराला धरायला एक टोक मिळते.

'सहन' या शब्दाकडे येते. पाय मुरगळल्यावर तुम्ही गडावर जाल का? जाणार नाही, आणि तसे न गेल्याबद्दल स्वतःला नामर्दही म्हणणार नाही. तुमचे वडील सगळे सोसून गेले आणि "कधी हूं का चूं केलं नाही," असे तुम्ही अभिमानाने लिहिले आहे. त्यांच्याविषयी आदर ठेवूनही विचारते : त्यांना काय होत होते, हे तुम्हाला कधी कळले का? कळावे असे तुम्हाला वाटले होते का? तुमचा मुलगा तीस वर्षांनी तुमच्याबद्दल हेच वाक्य लिहील, तर ते तुम्हाला आवडेल का?

पत्नीविषयी तुमच्या पत्रात थोडा कडवटपणा आहे, म्हणून तिची बाजू मांडते. तिने तुम्हाला गडावर जाऊ नका, असे एकदाही सांगितलेले नाही. तिने दोनदा डॉक्टरांची वेळ घेतली, म्हणजे तिला तुमची काळजी आहे आणि ती एकटीच ती वाहते आहे. तुमच्या रविवारच्या चार तासांत सासूबाईंचे औषधपाणी, मुलाचा क्लास आणि आठवड्याची भाजी ती उरकते, तेव्हा तुमचा मोकळेपणा काही अंशी तिच्या खर्चाने येतो. ती शेवटची घराबाहेर कधी पडली, स्वतःसाठी, हे तिला विचारा. रविवार तुमचा असेल, तर शनिवारची सकाळ तिची करा आणि त्या सकाळी घर तुम्ही पाहा. मी हे न्यायासाठी सांगते आहेच, पण तिचा 'पळवाट' हा शब्द मागे घेतला जाण्याची शक्यताही यातच अधिक आहे.

आता आठवड्याची रचना. इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यात एकूण दोन तास किंवा अधिक वेळ सार्वजनिक बागेत, रानात, समुद्रकाठी घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती आणि समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले, असे त्यात दिसले, आणि ते दोन तास एकदम घेतले की तुकड्यांनी, याने फरक पडला नाही. अर्थात ज्यांची प्रकृती बरी तेच बाहेर जास्त पडतात, असेही असू शकते. त्यामुळे याला मी औषधाचे प्रमाण मानत नाही. तुकड्यांनी फरक पडत नाही, असे अभ्यास सांगत असला, तरी तुमचा सोमवार वेगळे सांगतो, आणि तुमच्या बाबतीत मी तुमच्या सोमवारवर विश्वास ठेवीन. चार तासांचा एक रविवार आणि मग सहा दिवस कंपनीची बस, छताखालचा कारखाना आणि पुन्हा बस, ही विभागणी फार विषम आहे. जेवणानंतरची दहा मिनिटे कँटीनमधल्या टीव्हीसमोर न घालवता शेडबाहेर झाडांच्या रांगेखाली चाला. परतताना आठवड्यातून दोनदा बसमधून एक-दोन थांबे आधी उतरा आणि घरापर्यंत पायी या. कोथरूडला राहून तुम्ही वेताळ टेकडीचा उल्लेखही केलेला नाही, याचे मला नवल वाटते. तिथे अर्ध्या-पाऊण तासात मोरांचा आवाज ऐकून परत येता येते आणि त्यासाठी कोणताही गट, गाडी किंवा बूट लागत नाहीत. पहाटे जाग आल्यावर अंधारात मोबाइल चाळत पडू नका; उठून गच्चीत किंवा खिडकीत बसा, आणि सुट्टीच्या दिवशी फटफटताच टेकडीकडे निघा.

पुण्याच्या टेकड्यांवर आणखी एक प्रकारची माणसे दिसतात, जी उन्हाळ्यात पाण्याच्या बाटल्या वाहून नेऊन रोपांना घालतात. त्यांच्यापैकी कोणाला तरी गाठा आणि एक रोप मागून घ्या. मन अजिबात नसेल त्या दिवशी माणूस स्वतःच्या प्रकृतीसाठी घराबाहेर पडत नाही, पण रोप वाळेल म्हणून पडतो, असे मी माझ्या कामात पुष्कळदा पाहिले आहे. पत्र वाचणाऱ्या इतरांनाही हे लागू आहे. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सकाळी चालायला जाणे असो, कोल्हापुरात रंकाळ्याची फेरी असो, एखाद्या गडावरची पाण्याची टाकी साफ करणाऱ्या गटात महिन्यातून एकदा घमेली उचलणे असो. जागा कोणतीही चालेल. निवड करताना घरापासून ती इतकी जवळ असावी, की वाईट दिवशीही जाता यावे. तिथे हाताला काही काम असावे. आणि तुम्ही दोनदा आला नाहीत, तर कोणी तरी फोन करून विचारावे. ज्यांना गुडघे, हृदय किंवा पैसा यांमुळे डोंगर शक्य नाही, त्यांनी त्याची खंत करू नये. सोसायटीच्या आवारातल्या बाकावर सकाळच्या उन्हात शेजाऱ्याबरोबर बसणे, हीसुद्धा सुरुवातच आहे.

थोडे काळजीचे. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाने वेळेची स्पर्धा करत चढण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. छातीत दाटून आले तर "थोडंच राहिलंय" म्हणून पुढे जाऊ नये. पावसाळ्यात पायवाट निसरडी होते, तेव्हा एकट्याने जाऊ नका. आणि तुमच्यासाठी वेगळे सांगते : त्या कंसातल्या वाक्याबद्दल डॉक्टरांशी बोलणे होईपर्यंत कोणत्याही ऋतूत, कोणत्याही वेळी गडावर एकटे जाऊ नका. मित्राला कारण सांगायचे की नाही, हे तुम्ही ठरवा. मी तुमच्या जागी असते तर चढताना, अर्ध्या वाटेवर लिंबूसरबतवाल्यापाशी थांबलेलो असताना, सांगितले असते. "आणखी दोन गड वाढव" म्हणणारा माणूस निर्दय नाही. त्याला दुसरे काही सुचत नाही आणि त्याला तुम्ही अजून पुरते सांगितलेलेही नाही.

मुलाला सिंहगडावर ओढून नेऊ नका. पंधराव्या वर्षी पहाटे साडेचारला उठवणाऱ्या बापाशी कोणाचेच पटत नाही. संध्याकाळी टेकडीवर येतोस का, एवढे विचारा आणि नाही म्हणाला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. आला, तर अभ्यास, दहावी, मोबाइल हे तीन विषय टेकडीवर काढायचे नाहीत. तो बोलला नाही तरी चालेल. आजोबांचा विषय मात्र तुम्ही काढा, कारण आजोबा त्याचेही गेले आहेत आणि त्याबद्दल घरात त्याच्याशीही बहुधा कोणी बोललेले नाही.

डॉक्टरांच्या दोन्ही वेळा तुमच्या पत्नीने घेतल्या होत्या. तिसरी तुम्ही स्वतः फोन करून घ्या, याच आठवड्यात, आणि ती रद्द करायची वेळ आली तर तो फोनही तुम्हालाच करावा लागेल, असे घरी सांगून ठेवा. संध्याकाळची वेळ मिळाली तर उत्तम. रविवार गडाला मोकळा राहील आणि शनिवारची सकाळ तुमच्या पत्नीला.